हंगामभर ट्रायथलॉनचा कोच ठेवला, त्याचा जमाखर्च

सुरुवातीलाच सांगून टाकतो, कोचचं नाव इथं मिळणार नाही. लिहिण्याआधी मी त्याला विचारलं होतं. "दादा, बिनधास्त लिहा, पण नाव घालू नका, पुढच्या हंगामाच्या जागा भरल्यात," असं उत्तर आलं. शिवाय खाली माझ्या तक्रारीही आहेत. त्यामुळे 'पुण्यातला एक कोच' एवढ्यावर भागवून घ्या. तसेही आता पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर सगळीकडे ट्रायथलॉनचे कोच झालेत. बहुतेकांचं काम ऑनलाइनच चालतं आणि पद्धतीत उन्नीस-बीसचाच फरक असतो. महिन्याला साडेसहा हजार मोजून पदरात काय पडतं, हे ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझं म्हणाल तर वय ४७, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत. धावणं बऱ्याच वर्षांचं, सायकल लॉकडाऊनमध्ये घेतलेली, आणि पोहणं पंचगंगेच्या घाटावर चुलत्यानं ढकलून देऊन शिकवलेलं. शर्यत ठरली होती गोव्याची हाफ आयर्नमॅन, ९ नोव्हेंबर २०२५. मिरामारला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावायचं. पोहण्याला एक तास दहा मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, सगळं मिळून साडेआठ तास. त्याच्या पुढं गेलात की बाहेर.

साडेसहा हजारांत येतं ते असं: ट्रेनिंगपीक्स अ‍ॅपवर रोजचा वर्कआऊट, घड्याळातला आपला डेटा तिकडं बघायला कोच, आठवड्याला एक फोन, अधेमधे व्हॉट्सअ‍ॅप, दर काही आठवड्यांनी टेस्ट आणि शेवटी रेस प्लॅन. पोहण्याच्या व्हिडिओचं विश्लेषण करायचं तर पैसे वेगळे. आहाराचं मार्गदर्शनही वेगळं, ते मी घेतलं नाही.

आता, नुसते वर्कआऊट नेटवर फुकट मिळतात. आदल्या वर्षी मी एक तयार वीस आठवड्यांचा प्लॅन विकत घेतला होता, परदेशी. प्लॅनमध्ये वावगं काहीच नव्हतं. फक्त नोव्हेंबरच्या शर्यतीपासून मागं मोजत गेलं की त्याचे जवळजवळ निम्मे आठवडे येत होते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि दर रविवारी चार तास रस्त्यावर सायकल. कोल्हापुरात, आषाढ-श्रावणात! गगनबावड्याच्या रस्त्याला चार तास सायकल मारून दाखवा म्हणावं. खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे चाक आत गेल्यावरच कळतं.

इथंच पहिल्या फोनला मला हा कोच पटला. मी माझा एफटीपी (सायकलवर साधारण तासभर टिकेल तेवढा जोर, वॅटमध्ये), हाफ मॅरेथॉनची वेळ वगैरे सांगायच्या तयारीत होतो. त्यानं विचारलं, "दादा, सौदे कधी जोरात असतात?" मी सांगितलं की नवा गूळ ऑक्टोबरपासून यायला लागतो, दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे, आणि तिथून पुढं श्वास घ्यायला वेळ नाही. मग घरातली लग्नं, गणपतीत मंडळाचं काम किती, मुलीची परीक्षा कधी, रात्री झोपतो किती वाजता. अर्धा तास हेच. खेळाचं बोलणं शेवटची दहा मिनिटं. वर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) आणि रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट पाठवल्याशिवाय पहिला वर्कआऊट टाकणार नाही म्हणाला. चाळिशीपुढच्या माणसाला जो कोच हे विचारत नाही, त्याच्याकडं जाऊ नका, मग त्याच्या भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असोत.

त्यानं आखलेला हंगाम सरळ होता. जानेवारी ते एप्रिल बेस, म्हणजे बोलता बोलता करता येईल अशा वेगानं तास भरायचे. त्यातच सरावाची एक छोटी शर्यत. उन्हाळ्यात वेग, पावसाळ्यात सायकल ट्रेनरवर, म्हणजे स्टँडला अडकवून जागच्या जागी, घरात. आणि सगळ्यात मोठा आठवडा १९ ऑक्टोबरच्या रविवारी संपवायचा. त्या सोमवारी नरक चतुर्दशी होती. शर्यतीच्या तीन आठवडे आधी ताण कमी करायला सुरुवात करायची असतेच, ती त्यानं बरोबर दिवाळीवर बसवली. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, पाडव्याचे सौदे, सगळं हलक्या आठवड्यात. बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "या मुलाला फी वाढवून द्या." अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, तो आठवडाही विश्रांतीचा. कोल्हापूरची मिरवणूक किती वेळ चालते हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. आधीच्या तयार प्लॅनमध्ये तीन आठवडे चढ, चौथा हलका. पहिले दोन महिने यानंही तेच ठेवलं. मग माझी सकाळची नाडी आणि तिसऱ्या आठवड्यातले धावण्याचे आकडे बघून दोन आठवडे चढ, एक हलका असं केलं. मी कुरकुर केली, असं केलं तर तास कमी भरतात. तो म्हणाला, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही नुसतं थकताय, त्यातून कमवत काहीच नाही. मे महिन्यात ट्रेनरवर पुन्हा टेस्ट झाली. वीस मिनिटं जिवाच्या आकांतानं, त्याच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी. जानेवारीत १६८ वॅट होते, ते १८५ झाले. सप्टेंबरात १९१. माझ्या वयाला आणि वजनाला हे काही डोक्यावर घेऊन नाचण्याजोगं नाही, पण कमी तास देऊन वाढले, हे मी विसरत नाही.

अ‍ॅपबद्दल थोडं. ट्रेनिंगपीक्समध्ये ठरल्याप्रमाणं वर्कआऊट झाला की चौकोन हिरवा, थोडा कमी-जास्त झाला की पिवळा, फारच हुकला की केशरी, आणि केलाच नाही तर लाल. वर एक निळा आलेख, मागच्या बेचाळीस दिवसांच्या ताणाची सरासरी, त्याला ते फिटनेस म्हणतात. हे रंग आणि तो निळा आलेख माणसाला वेड लावतात. आमच्या ग्रुपमधला एकजण ताप असताना फक्त चौकोन हिरवा करायला चालून आला. कोचचा खरा उपयोग या अ‍ॅपपासून आपल्याला वाचवण्यात आहे, असं माझं मत झालंय.

ऑगस्टचं उदाहरण सांगतो. सासरवाडी प्रयाग चिखलीची. पाऊस लागला की आम्ही सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या आठवड्यात पाणी चढायला लागलं आणि मेव्हण्याची जनावरं सोनतळीला हलवायची ठरली. दावी सोडायची, म्हशी टेम्पोत चढवायच्या, वैरणीचे भारे, पेंडीची पोती, परत फेरी. चार दिवस सायकल नाही, पोहणं नाही. अ‍ॅपवर ओळीनं लाल. रात्री उशिरा मी मेसेज टाकला, काय आणि कसं भरून काढू. सकाळी उघडून बघतो तर लाल चौकोन गायब. त्यानं ते चारही दिवस प्लॅनमधून काढूनच टाकले होते, आणि त्या जागी एकच नोंद: 'म्हशी, ४ दिवस, स्ट्रेंथमध्ये धरलंय.' पुढच्या आठवड्यात भरपाईचं अवाक्षर नाही. दोन सोप्या राइड आणि एक झोप. झोप म्हणजे खरोखरच वर्कआऊट म्हणून टाकलेली, दुपारी चाळीस मिनिटं. तयार प्लॅनला म्हशी कळत नाहीत.

ट्रेनरवरची सायकल हा मात्र कंटाळ्याचा विषय आहे आणि त्यावर कुठल्याच कोचकडं उतारा नाही. पंख्याखाली बसून, खाली घामाचं तळं, समोर भिंत. त्याचे ट्रेनरचे वर्कआऊट चांगले होते, दहा-दहा मिनिटांचे तुकडे, त्यामुळे वेळ जायचा. पाऊस उघडल्यावर पन्हाळ्याच्या चढाला वाघबीळपर्यंत आणि राधानगरी रस्त्याला लांब राइड. त्यातही एक अट: एकट्यानं मारायची. आपल्याकडं रविवारची राइड म्हणजे दहा-पंधराजणांची, पुढच्याच्या चाकाला चाक लावून, मधे मिसळ. गोव्याला तसं चालत नाही. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ओलांडायचं तर २५ सेकंदांत, नाहीतर पेनल्टी. ग्रुपमध्ये तीसचा वेग काढणारे तिथं एकट्यानं वारा अंगावर घेतला की पंचविसावर येतात. मित्रमंडळ नाराज झालं, मिसळही बुडाली, पण आकडे खरे कळले.

आता तक्रारी. खरं घोडं पेंड खातं ते पोहण्यात.

फोनवरून पोहणं शिकवता येत नाही. सायकलला पॉवर मीटर आहे, धावायला घड्याळ आहे, पाण्यात मात्र आपला हात कुठं जातोय हे कुणीतरी वरून बघायला लागतं. त्यानं पहिल्याच महिन्यात टेस्ट घेतली, ४०० मीटर आणि २०० मीटर जमेल तितक्या जोरात. माझ्या वेळा ९ मिनिटं २० सेकंद आणि ४ मिनिटं २८ सेकंद. दोन्हीतला फरक २९२ सेकंद, तो पडला २०० मीटरला, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं २६ सेकंद. हा आपला टिकणारा वेग, त्यावर सगळे सेट बांधायचे. गणित झकास. पण त्याच वेगावर मी जूनपर्यंत अडकून होतो. त्याचा सल्ला दर वेळी असा: कोपर उंच ठेवा, डोकं खाली, कंबर वर. मी व्हिडिओचे जादा पैसे भरले. पुतण्यानं टँकच्या कडेनं चालत फोनवर शूटिंग केलं, आणि उत्तर म्हणून माझ्या फोटोवर लाल-पिवळ्या रेघा मारलेलं पान आलं. रेघा बरोबर असतीलही. पाण्यात उतरल्यावर रेघ दिसत नाही.

शेवटी सुटका झाली ती आमच्याच टँकवर. तिथं एक निवृत्त मास्तर रोज पहाटे पोहतात, साठीच्या पुढचे, गॉगलसुद्धा लावत नाहीत. दोन दिवस माझं बघून म्हणाले, "हात चांगला हाय तुझा, पण श्वास घेताना मान कशाला उचलतोस? कान पाण्यातच ऱ्हाऊ दे." आणि माझ्या कानाच्या मागं बोट ठेवून तीन-चार लांब्या माझ्या बाजूनं चालत आले. पाणी छातीइतकं होतं तिथंपर्यंत. मान वर आली की बोट टोचायचं. महिनाभरात १०० मीटरचे सहा-सात सेकंद गेले. फी घ्यायला तयार नव्हते, दिवाळीला गुळाची ढेप पोचवली.

हे मी कोचला सांगितलं, त्याला राग आला नाही. उलट म्हणाला की त्यांच्याकडंच राहा, मी फक्त सेट देतो. हे चांगलं. पण मग साडेसहा हजारांतला तिसरा हिस्सा कशाचा, हा अडत्याच्या डोक्यात येणारा प्रश्न तसाच राहिला. पाऊस संपल्यावर उघड्या पाण्याच्या सरावासाठी राजाराम तलावावर गेलो. तिथं दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर काढून दिशा बघायची सवय त्यानं फोनवरून सांगून लावली, ती मात्र जमली, कारण त्यात शिकवण्यासारखं कमी आणि घोकण्यासारखं जास्त आहे.

व्यायामशाळेचा तक्ता सगळ्यांना एकच पाठवतो, हे दोघा-तिघांचे तक्ते ताडून पाहिल्यावर कळलं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्लँक, ठीक आहे. पण पोती उचलणाऱ्या माणसाला आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आयटीवाल्याला एकच तक्ता? शर्यतीच्या आठवड्याचं पत्रकसुद्धा छापील: 'विमानतळावर सायकलची बॅग ताब्यात घेताना चाकं तपासा.' कोल्हापूरहून गोव्याला आम्ही गाडीच्या कॅरिअरला सायकल बांधून आंबोलीमार्गे जातो. घाटात धुकं होतं, ते पत्रकात नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी तक्रार. कोच स्वतः त्याच शर्यतीत उतरला होता. शुक्रवार संध्याकाळपासून फोन बंद, म्हणजे आमचे पंधरा-वीसजण वाऱ्यावर. त्याचं म्हणणं, रेस प्लॅन आधीच दिलाय, आता विचारायचं काय राहिलं? हे तत्त्वाला धरून आहे. पण शनिवारी सायकल जमा करताना माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह गळायला लागला, तेव्हा तत्त्व कामाला आलं नाही, बेळगावचा एक अनोळखी पोरगा आला. फी भरण्याआधी हे विचारून घ्याच: शर्यतीच्या दिवशी तुम्ही कुठं असणार?

आता ज्या गोष्टीत कोचनं मला खरोखर जिंकलं ती, गूळ.

माझा हट्ट होता की शर्यतीत गूळच खाणार. धंदा आहे, २०१४ पासून कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, ही काय जेलची, म्हणजे घट्ट गोड पाकाची, पाकिटं चोखत बसायची! दुसरा कोच असता तर हसून सोडून दिलं असतं, नाहीतर 'नॅचरल आहे, उत्तम' म्हणून मान डोलावली असती. यानं गणित मांडलं. लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच आतड्यातून शोषलं जातं, त्यापुढं जायचं तर सोबत फ्रुक्टोज पाहिजे, त्याची वाट वेगळी. गुळात मुख्यतः साखर, आणि साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. तेव्हा तत्त्वतः गूळ चालतो. शंभर ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे तासाला ७० पाहिजेत तर ८० ग्रॅमच्या वर गूळ. "पोटाला विचारून बघू," म्हणाला.

मग प्रयोग. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गूळ मोजायचा, कोमट पाण्यात विरघळवायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचा, कारण खाली जो बारीक गाळ बसतो तो बाटलीच्या तोंडात अडकतो. बाटलीला एक ग्रॅम मीठ, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, वर अर्धं लिंबू. पहिल्या वेळी सगळा गूळ एकाच अर्ध्या लिटरात घातला. राधानगरी रस्त्याला दोन तासांनी पोटात गोळा आला, ते पाणी इतकं दाट की शरीरच त्यात पाणी सोडायला लागतं. पुढच्या वेळी निम्मा गूळ, सोबत साध्या पाण्याची दुसरी बाटली. तरी तिसऱ्या तासाला गोडाची शिसारी यायची. शेवटी ठरलं ते असं: निम्मं गुळाच्या पाण्यातून, निम्मं जेलमधून, सायकलवर तासाला ७० ग्रॅम, धावताना जमेल तसं कमी. रसायनाचा गूळ वापरला की तळाशी वेगळीच चव लागते, हा धंद्याच्या माणसाचा जादा शोध.

घाम मोजायची टेस्टही भारी होती. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करायचं. घरचा काटा कधी एक दाखवतो, कधी दुसरं, म्हणून मी दुकानात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजायच्या काट्यावर चढलो. हमाल गोळा झाले. एकानं विचारलं, "मालक, हा रवा कुठल्या गुऱ्हाळाचा?" धावण्याआधी ८०.४ किलो, आल्यावर ७९.१, मधे ३०० मिली पाणी प्यालो होतो. म्हणजे तासाला १.६ लिटर घाम. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी दोनला. त्या दिवसांत त्यानं मुद्दाम दुपारची धाव लावली होती. दहा-पंधरा दिवस उन्हात घाम काढला की शरीर लवकर घामेजायला शिकतं, रक्तातलं पाणी वाढतं, नाडी त्याच वेगाला कमी राहते. हे शेवटचं मी माझ्या घड्याळात बघितलं, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात.

शर्यतीचं लांबण लावत नाही. गोव्याचं पाणी गरम, वेटसूटचा प्रश्नच नव्हता. खाऱ्या पाण्यानं अंग वर उचललं, मास्तरांचं बोट आठवत कान पाण्यात ठेवले, ४९ मिनिटं. सायकलला कोचचा एकच आकडा बाटलीच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिला होता: १४०. एफटीपीच्या ७३ टक्के. पहिल्या तासात माझ्यापेक्षा जाड माणसं मला मागं टाकून जात होती आणि पाय म्हणत होते १७० मार. १४० वरच राहिलो. तीन तास वीस मिनिटं. त्यातली बरीच मंडळी धावण्याच्या दुसऱ्या फेरीत कडेच्या सावलीत उभी भेटली. धावताना पाणी-बर्फाच्या प्रत्येक स्टेशनला चालायचं, बर्फ टोपीत आणि अंगातल्या कपड्याच्या आत मानेखाली टाकायचा, हे लिहून दिलेलं होतं. अर्धा मिनिट चालणं मनाला लागतं, पण बर्फ घालायला वेळ मिळतो. दोन तास अठ्ठावीस मिनिटं. कपडे-बूट बदलायची बारा मिनिटं धरून एकूण सहा तास एकोणपन्नास. शेवटी कोच भेटला, त्याची स्वतःची शर्यत बिघडली होती, पोटामुळे. गुळाचं पाणी देऊ का विचारलं, त्यानं हात जोडले.

कुणी घ्यावा असा कोच? ज्याचं काम, घर आणि सण यांच्या सांदीत सराव बसवायचाय, आणि ज्याला जास्त करायची खोड आहे, त्यानं जरूर. आळशी माणसानं घेऊ नये. मागं लागणं त्याच्या कामात नाही, चौकोन लाल राहिला तर एकदा विचारतो, दुसऱ्यांदा नाही. पहिल्यांदाच पोहायला शिकणाऱ्यानं आधी गावातला मास्तर गाठावा, टँकची महिन्याची फी भरावी, चार महिन्यांनी कोचचा विचार करावा. अन् ज्यांनी सायकलच्या कार्बन चाकांवर लाख-दीड लाख घातलेत आणि कोचच्या साडेसहा हजारांत घासाघीस करतात, त्यांनी ट्रेनरवरची वीस मिनिटांची टेस्ट एकदा द्यावी आणि किती वॅट चाकांतून आले ते मला कळवावं.

मी स्वतः पुढच्या हंगामाला त्याच्याकडंच राहणार आहे, जागा त्यानं आधीच राखून ठेवलीय. फक्त पोहणं वजा करून पाच हजार द्या म्हणून मी बोलणं लावलं. तो म्हणाला, "पोहणं वजा केलं तर ट्रायथलॉन कुठं राहिलं, दादा?" सहा हजार आणि शर्यतीच्या शनिवारी फोन चालू, यावर आता घोडं अडलंय.